लोकेशन ४२: चौपदरी रस्त्यासाठी १३२ केव्ही लाइन हलवताना

रस्त्याच्या प्रकल्प अहवालात हे काम एका ओळीत उरकलेलं होतं. ‘टॉवर क्र. ४२ हद्दीबाहेर घेणे, ३ मीटर वाढीव उंचीसह.’ पुढे एक रक्कम. प्रत्यक्षात पाच नवे टॉवर उभे राहिले, तीन जुने उतरवले आणि पहिल्या संयुक्त पाहणीपासून लाइन पुन्हा चालू होईपर्यंत जवळपास वर्ष गेलं.

मी तेव्हा रस्त्याच्या कंत्राटदाराकडे ‘युटिलिटी’चं, म्हणजे रस्त्याच्या आड येणाऱ्या विजेच्या लाइनी वगैरे हलवण्याचं काम बघत होतो. त्याआधीची बरीच वर्षं पारेषणच्या, म्हणजे उच्च दाबाची वीज वाहून नेणाऱ्या कंपनीच्या, लाइनींवर गेली असल्यामुळे दोन्ही बाजूंच्या शिव्या खायची सवय होती. गाव, कार्यालयं, कंपन्या यांची नावं इथे घेत नाही. पश्चिम महाराष्ट्रातला उसाचा पट्टा, काळी जमीन आणि तालुक्याच्या गावाला वळसा घालून जाणारा नवा चौपदरी बाह्यवळण रस्ता, एवढं कळलं तरी पुरे.

तीन मीटर आले कुठून

लाइन दुहेरी मंडलाची, म्हणजे एकाच टॉवरच्या दोन अंगांना तीन-तीन तारा. तार ‘पँथर’ नावाच्या प्रकारची. ती तालुक्याच्या १३२ केव्ही, म्हणजे एक लाख ३२ हजार व्होल्टच्या, उपकेंद्राकडे जाते आणि वाटेत रस्त्याला जेमतेम ३५ अंशांत, तिरकी कापते. लोकेशन ४२ हा टॉवर रस्त्याच्या ६० मीटर हद्दीच्या आत, मध्यरेषेपासून २७ मीटरवर. तो हलणार हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं. प्रश्न तारांचा होता.

ऑगस्टमधल्या एका भुरभुर पावसाच्या सकाळी संयुक्त पाहणी झाली. रस्त्याच्या सर्व्हेअरने टोटल स्टेशन हे मोजणीचं यंत्र लावलं, सगळ्यात खालच्या तारेची उंची मोजली आणि १०.९ मीटर लिहून घेतली. पारेषणचे शाखा अभियंता शांतपणे म्हणाले, “ही आजची. मला एप्रिलची द्या.” त्यांचं बरोबर होतं. तार उन्हाने तापते, वाऱ्याने निवते आणि स्वतःमधून जाणाऱ्या विजेनेही तापते. तापली की लांबते, लांबली की झोळ वाढतो. म्हणून झोळ मोजताना तारेचं तापमान ७५ अंश धरायचं. तसा हिशोब केला तर रस्त्याच्या पलीकडच्या कडेला तार जमिनीपासून १० मीटरवर येत होती.

केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या सुरक्षा विनियमांत याचा हिशोब सरळ आहे. ३३ केव्हीपर्यंत ५.२ मीटर, त्यापुढच्या प्रत्येक ३३ केव्हीला किंवा त्याच्या अंशाला आणखी ०.३ मीटर, आणि रस्ता असेल तर काही झालं तरी ६.१ च्या खाली यायचं नाही. १३२ केव्हीला बरोबर ६.१ येतात, २२० ला ७. आमच्याकडे १० होते. कागदावर भरपूर. अहवाल करणाऱ्याने सौजन्य म्हणून वर ३ मीटर दिले होते.

फक्त हे १० मीटर शेताच्या जमिनीपासूनचे होते. अहवाल लिहिला तेव्हा त्या जागी रस्ता जमिनीसरसा होता आणि जुना जिल्हा मार्ग त्याला चौकात छेदत होता. पुढे ग्रामस्थांनी भुयारी मार्ग मागितला. मागणी अगदी रास्त होती, त्या चौकात उसाच्या ट्रॉल्या आणि शाळेच्या गाड्या एकत्र आल्या असत्या. मार्ग मंजूर झाला, रस्ता वर उचलला गेला आणि भराव झाला ६.८ मीटरचा. रस्त्याच्या आराखड्यात ही सुधारणा झाली. वीजवाहिनीच्या रकान्यात तेच ३ मीटर राहिले.

१० मधून ६.८ वजा केले की उरतात ३.२. मालट्रकच ४ मीटरपर्यंत उंच असतो.

हे त्या बैठकीत फळ्यावर लिहिलं तेव्हा थोडा वेळ कुणी बोललं नाही. मग रस्त्याचे एक साहेब म्हणाले, “मग ३ चे ९ करा.”

९ का चालले नाहीत

सूचना वेडगळ नव्हती. टॉवरला पायाशी वाढीव भाग जोडून ३, ६, ९ मीटर उंची मिळते, ते नेहमीचंच आहे. ४२ थोडा मागे हद्दीबाहेर घ्यायचा, समोरचा ४३ बदलायचा, दोन्हींना ९ मीटर द्यायचे. नवी जमीन जवळजवळ लागत नाही. मी स्वतः दोन दिवस याच्याच बाजूने हिशोब करत बसलो होतो.

तो मोडला दिव्यांच्या खांबांनी. भुयारी मार्गाच्या माथ्यावर आणि सेवारस्त्याच्या तोंडाशी रस्ता प्रकाशयोजना होती, खांब १० मीटरचे. ६.८ च्या भरावावर १० मीटरचा खांब म्हणजे शेंडा जवळपास १७ मीटरवर. लाइन ३५ अंशांत जात असल्यामुळे ती रस्त्याच्या डोक्यावरून लांबलचक पसरत जाते. एक-दोन खांब गाळून भागत नव्हतं. शिवाय रस्ता पुरा झाल्यावर तारेखाली किती जागा राहील एवढंच आम्ही बघत होतो. रस्ता होत असताना तिथे क्रेन उभी राहणार, काँक्रीट पंपाचा बूम फिरणार, हायवा डबा वर करून मुरूम ओतणार. हे सगळं चालू १३२ केव्हीच्या खाली. काम चालू असतानाची उंची आराखड्यात कुठेच लिहिलेली नसते. ती साइटवरच्या माणसालाच मोजावी लागते.

भूमिगत केबलचा विषय निघणारच होता, निघाला. दोन मंडलं म्हणजे सहा केबली, दोन्ही टोकांना केबल चढवण्या-उतरवण्याच्या चौकटी आणि कुंपणाच्या जागा. खर्च हवाई लाइनीच्या कित्येक पट. त्याहून मोठी अडचण दुरुस्तीची. हवाई तार तुटली तर ती तुटलेली दिसते, दोन दिवसांत जोडता येते. १३२ केव्हीच्या केबलला दोष आला तर आधी तो शोधायचा, मग सांधा करणारा खास माणूस बाहेरून आणायचा. पारेषणच्या कार्यकारी अभियंत्यांनी पाच मिनिटांत नकार दिला. शहराच्या मध्यात, जिथे टॉवरला जागाच नाही, तिथे गोष्ट वेगळी. उसाच्या फडात नाही.

राहिला मार्ग बदलण्याचा. भुयारी मार्गाच्या उत्तरेला साडेतीनशे मीटरवर रस्ता उतरत उतरत सव्वादोन मीटरच्या भरावावर येतो. लाइन तिथून ओलांडायची. सुरुवात ४१ च्या पुढे, जुन्याच रेषेत एक नवा टॉवर, त्याला ४१अ म्हटलं. तिथून रस्त्याच्या पश्चिमेने उत्तरेकडे जायचं, मग वळून रस्ता ओलांडायचा आणि ४४ च्या पलीकडे जुन्या लाइनीला पुन्हा मिळायचं, तो ४४अ. लाइन एकूण सव्वाशे मीटरने लांबली.

ओलांडणं काटकोनात व्हावं अशी रस्त्यावाल्यांची इच्छा होती, आणि रास्त होती. पण वळणाच्या टॉवरलाही मर्यादा असते. ए प्रकारचा टॉवर २ अंशांपर्यंत, बी १५, सी ३० आणि डी ६० अंशांपर्यंत. काटकोन गाठायला एका जागी ७८ अंशांचं वळण लागत होतं. ते दोन टॉवरांत वाटलं तर आणखी एक शेतकरी, आणखी एक खड्डा. ६५ अंशांवर तडजोड झाली, डी टॉवरला ५४ च्या आसपास वळण आलं. तिथला गाळा, म्हणजे दोन टॉवरांमधलं अंतर, १६० मीटरचा, त्यामुळे झोळ दोन मीटरसुद्धा नाही. तार रस्त्यापासून तेरा मीटरच्या वर राहिली. उद्या कुणी तिथे दिवे लावले तरी हरकत नाही.

तारीख शेवटची, हिशोब पहिला

टॉवर किती आणि कुठे, हे पंधरा दिवसांत ठरलं. खरं नियोजन त्यानंतरचं. आयुष्यभर बघत आलोय: रस्त्याकडची माणसं अशा कामाचं वेळापत्रक डावीकडून उजवीकडे आखतात. मंजुरी, मग साहित्य, मग पाया, मग उभारणी, आणि सगळ्यात शेवटी एका चौकोनात ‘शटडाउन’, म्हणजे लाइन बंद ठेवण्याचे दिवस. हा शेवटचा चौकोन आपल्या हातात नसतो. तो आधी ठरवायचा आणि मग उलटं मोजत यायचं.

तालुक्याच्या उपकेंद्राला या दोन मंडलांशिवाय दुसऱ्या बाजूने एक एकेरी १३२ केव्ही लाइन येते. साखर कारखान्याचा सहवीजनिर्मिती प्रकल्पही याच जाळ्यात वीज ढकलतो. दोन्ही मंडलं एकदम बंद केली तर तालुका त्या एका लाइनीवर आणि शेजारच्या उपकेंद्रांतून ३३ केव्हीने मिळेल तेवढ्यावर चालवायचा. गळीत हंगामात हे शक्य नाही. कारखान्याची वीज बाहेर काढायला हीच मंडलं लागतात, आणि कारखाना बंद ठेवा म्हणून सांगायला कोण जाणार? हंगाम संपला की उन्हाळा. कृषिपंप, पंखे, बर्फाचे कारखाने, लाइन भरून वाहते. ऑक्टोबरचं ऊन तसंच. उरतो पावसाळा. पंप थंड, कारखाना बंद, भार तळाला. जुलै ते ऑगस्ट.

आणि पावसाळ्यात काळ्या जमिनीत काँक्रीटची गाडी सोडाच, बैलगाडी जात नाही.

म्हणजे शटडाउन पावसाळ्यात, पण जमिनीवरचं जे जे काम ते पावसाआधी. जुलैचा दुसरा पंधरवडा धरला. नव्या मार्गावरचे टॉवर पूर्ण आणि त्यांच्यामधल्या तारा ओढून जूनअखेर तयार. पाये मे महिन्यात संपलेले, कारण काँक्रीट मुरायला दिवस लागतात आणि रोहिणी बरसली की खड्ड्यांत तळी होतात. पाये एप्रिल-मेमध्ये करायचे तर फडातला ऊस मार्चपर्यंत तुटलेला हवा, म्हणजे कारखान्याच्या शेती अधिकाऱ्याला जानेवारीतच भेटायला हवं. टॉवरचं लोखंड ठरावीक कारखान्यांतूनच घ्यायचं, त्याची तपासणी पारेषणकडून व्हायची, चार महिने. म्हणजे ऑर्डर डिसेंबरमध्ये. म्हणजे अंदाजपत्रकाची मंजुरी नोव्हेंबरमध्ये.

मंजुरी आली जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात.

अशा कामाचे दोन रस्ते असतात. एक, रस्त्याच्या प्राधिकरणाने सगळी रक्कम भरायची आणि वीज कंपनीने काम करायचं. दुसरा, देखरेख शुल्क भरायचं आणि मान्यताप्राप्त ठेकेदाराकडून कंपनीच्या नजरेखाली काम करून घ्यायचं. आम्ही दुसरा धरला होता. वेळ त्यात वाचतो, पण तांत्रिक मंजुरीची फाइल तितक्याच टेबलांवरून जाते. एका टेबलाने विचारलं की १६० मीटरच्या गाळ्याला डी टॉवर कशाला. वळण आहे, हे नकाशात होतं. उत्तराच्या पत्राला तीन आठवडे गेले.

दोन महिने गेले होते. ते मिळवले एकाच युक्तीने, आणि ती माझी नाही, जुन्या माणसांची आहे. टॉवरच्या पायात गाडायचे कोन, ज्यांना स्टब म्हणतात, ते आणि त्यांची मांडणीची चौकट एवढंच कारखान्याने आधी करून पाठवायचं. वरचा सांगाडा मागाहून. लोखंडवाला कुरकुरला, कारण त्याला एक खेप जास्त पडत होती. गाडीभाडं आम्ही दिलं. मार्चअखेर स्टब शेतात होते, वरचं लोखंड मेच्या दुसऱ्या आठवड्यात आलं.

शेतात

टॉवरसाठी जमीन संपादित होत नाही. सातबारा शेतकऱ्याच्याच नावावर राहतो. टॉवरखालच्या जागेचा आणि तारांखालच्या पट्ट्याचा मोबदला मिळतो. १३२ केव्हीला हा पट्टा २७ मीटर रुंद. केंद्राच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांत टॉवरखालच्या जागेला जमिनीच्या किमतीच्या ८५ टक्के आणि पट्ट्याला जास्तीत जास्त १५ टक्के होते, २०२४ मध्ये ते २०० आणि ३० टक्के केले गेले. शेजारच्या गटाला रस्त्याच्या संपादनात जे मिळालं ते गावात सगळ्यांना तोंडपाठ असतं. ‘त्याला चौपट आणि मला खांबाखालचं?’ या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. पंचनाम्याला तलाठी होते, तेही दुसरीकडे बघत राहिले.

पश्चिमेकडच्या मधल्या टॉवरची जागा आखली तेव्हा बांधावर एक आजी बसून होत्या. चुन्याची रेघ पडली तशा उठून आल्या.

“सायेब, हितं खणू नगा. खालनं स्कीमची पाइप गेलीया.”

“आजी, कागदावर नाही दिसत तसं काही.”

“कागदाला काय ठावं? चर मारला तवा म्या भाकरी घिऊन येत हुते.”

स्कीम म्हणजे सहकारी उपसा सिंचन योजना. नदीवरून पाणी उचलून शेताशेतांत नेणाऱ्या या नळांचं जाळं त्या भागात चाळीस-पन्नास वर्षांचं आहे, आणि बहुतेक ठिकाणी त्याचा नकाशा म्हणजे म्हाताऱ्या माणसांचं डोकं. पोकलेन बाजूला उभा केला आणि चार माणसांकडून हाताने खणून घेतलं. सव्वा मीटरवर सिमेंटचा नळ लागला, भरून वाहणारा. दक्षिणेकडचे दोन्ही पाये थेट त्याच्यावर आले असते.

नशीब असं की तो टॉवर सरळ रेषेतला होता. रेषा न सोडता ९ मीटर पुढे सरकवला, गाळ्यांचे हिशोब पुन्हा केले, संध्याकाळी पारेषणच्या अभियंत्यांनी सही दिली. तोच वळणाचा टॉवर असता तर अलीकडची-पलीकडची दोन्ही रेषा मोडल्या असत्या आणि नवे गट, नव्या नोटिसा. तेव्हापासून मी वळणाच्या टॉवरच्या जागी आधी हाताने खड्डा घेतो, मग नकाशा पक्का करतो.

दुसरा पेच ४१अ आणि ४४अ चा. हे दोन्ही चालू लाइनीच्या बरोबर खाली उभे राहणार. टॉवरचं अंग दोन मंडलांच्या मधोमध येतं, म्हणजे एक मंडल बंद करूनही भागत नाही. गँगचा फोरमन वीस वर्षं लाइनीवर चढलेला गडी. तो म्हणाला, “साहेब, कडेला बारा मीटर घ्या ना. पूर्ण उभा करून देतो, शटडाउनला नुसत्या तारा उचलून टाकायच्या.” ऐकायला फार गोड. पण टॉवर बारा मीटर बाजूला गेला की ४१ पासून तारा तिरक्या जाणार. ४१ पासून २०० मीटरवर जरी तो उभा केला तरी तिरकेपणा येतो जवळपास साडेतीन अंशांचा, आणि ४१ हा ए प्रकारचा, २ अंशांचा. तो लगेच पडला नसता. एखाद्या वळवाच्या वाऱ्यात पडला असता, आणि तेव्हा आम्ही कुणी तिथे नसतो.

म्हणून ४१अ जुन्या टॉवरपासून फक्त ३५ मीटरवर घेतला. गाळ्याच्या मध्यावर तार सगळ्यात खाली, टॉवरजवळ वर. ३५ मीटरवर खालच्या तारेची उंची सव्वाअकरा मीटरच्या आसपास मिळत होती. तिच्यापासून सुरक्षित अंतर सोडूनही सात मीटर टॉवर चालू लाइनीखाली बांधता आला. वरचा भाग जमिनीवर तुकड्यांत जुळवून ठेवला. ४४अ ला ही सोय नव्हती. तो गाळ्याच्या पोटातच येत होता, चार मीटरच्या वर जाता आलं नाही. त्याचा एक दिवस शटडाउनमध्ये जास्त गेला.

पायांबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. काळ्या जमिनीतले पाये तीन मीटर खोल आणि बुडाशी रुंद असतात, चारही स्टब चौकटीत एका पातळीत धरावे लागतात, आणि काँक्रीट ओतताना कुणी चौकटीवर उभं राहिलं तर त्याला शिव्या द्याव्या लागतात. दिल्या.

मेमधली दुपार

मोठ्या लाइनीच्या नादात लहान लाइनींकडे दुर्लक्ष होतं. बाह्यवळणावर ३३ आणि ११ केव्हीची, डीपींची बरीच कामं होती, ती बहुतेक विनातक्रार उरकली. एक ३३ केव्हीची ओलांडणी राहिली होती, तिच्या खाली भराव मीटरभर चढला होता. मेच्या एका दुपारी हायवाच्या चालकाने मुरूम ओतला आणि डबा वर असतानाच गाडी पुढे घेतली.

मी दोनशे मीटरवर होतो. आवाज टायर फुटल्यासारखा, आणि खरंच टायरच फुटले होते, एकामागून एक. पोरगा केबिनमध्ये बसून होता आणि खाली सगळे त्याला “उतर, उतर” म्हणून ओरडत होते. लाइनमन धावत आला तो ओरडणाऱ्यांवरच ओरडत. गाडीला तार चिकटलेली असताना एक पाय जमिनीवर आणि एक हात गाडीला असला की माणूस संपला. आत बसून राहणं हेच बरोबर. आगच लागली तर दोन्ही पाय जुळवून, गाडीला न धरता उडी मारायची आणि पाय जमिनीवरून न उचलता, घासत घासत लांब जायचं. उपकेंद्रातून लाइन बंद झाल्याचं सांगितलं गेलं, पण लाइनमनने तार जमिनीशी जोडणारा डिस्चार्ज रॉड लावेपर्यंत त्याला उतरू दिलं नाही. पोरगा वाचला. त्या रात्री जेवला नाही म्हणे.

दुसऱ्या दिवशी प्रत्येक ओलांडणीच्या दोन्ही बाजूंना लाकडी खांबांच्या चौकटी उभ्या राहिल्या, आडव्या दोरीला रंगीत पताका, दोरीच्या खालूनच गाडी गेली पाहिजे. १३२ च्या खाली तर दोन्ही बाजूंना साठ-साठ मीटर भरावच थांबवला. रस्त्याच्या प्रकल्प व्यवस्थापकाला ते आवडलं नाही, महिन्याचं बिल अडत होतं. चौकटी महिनाभर आधी लावायला हव्या होत्या, आणि ते काम माझं होतं.

पाच दिवस

शटडाउनचा प्रस्ताव आधीच्या महिन्यात गेला. ऐरोलीच्या राज्य भार प्रेषण केंद्राची संमती लागते. आम्ही सहा दिवस मागितले, पाच मिळाले. पारेषणकडे आपत्कालीन टॉवरांचा संच असतो, ॲल्युमिनियमचे, ताणदोऱ्यांवर उभे राहणारे. तो लावून एक मंडल चालू ठेवता येईल का, हेही विचारलं होतं. पण तो संच वादळात टॉवर पडले तर लागतो. त्या वर्षीच्या वळवाने तो दुसऱ्या जिल्ह्यात अडकवून ठेवला होता.

पहिल्या दिवशी सकाळी परमिट हातात पडायलाच साडेनऊ वाजले. दोन्ही टोकांना लाइन उघडली, अर्थ केली, मग कामाच्या जागी दोन्ही बाजूंना आमचं स्वतःचं अर्थिंग. नव्या पोरांना हे अर्थिंग डबल वाटतं. दुसरी चालू लाइन काही किलोमीटरपर्यंत शेजारून जात असेल तर बंद तारेतही वीज उतरते, आणि ती झटका देऊन माणसाला वरून खाली पाडायला पुरेशी असते.

जुन्या तारा उतरवल्या, ४१अ आणि ४४अ चढवले. दुसऱ्या दिवशी दुपारनंतर पाऊस आला तो रात्री अकरापर्यंत. ओल्या लोखंडावर कुणाला चढवायचं नाही हे ठरलेलं होतं, त्यामुळे गँग ताडपत्रीखाली बसून कांदाभजी खात होती आणि मी घड्याळ. तिसरा आणि चौथा दिवस कोरडा मिळाला.

खोळंबा झाला तो भलत्याच गोष्टीने. टॉवरच्या शेंड्यावरची अर्थ वायर साधी नव्हती, तिच्या पोटात प्रकाशीय तंतू होते. उपकेंद्रांमधला संपर्क आणि संरक्षणाचे संदेश त्यातून जातात. ती हवेत मधोमध जोडता येत नाही. सांधा टॉवरवरच, पेटीत, एकेक तंतू वितळवून. आमच्या अंदाजपत्रकात तिच्या ऐवजी साधी पोलादी अर्थ वायर लिहिली गेली होती. हे लक्षात आलं जूनच्या शेवटी, तारा ओढताना. पारेषणच्या भांडारात एका जुन्या कामातून उरलेला तुकडा होता, तो परतीच्या बोलीवर मिळाला. चोवीस तंतू, दोन टोकं. जोडणारा माणूस पाचव्या दिवशी दुपारी पोचला, छत्री धरून सांधे केले.

आणि फेज, म्हणजे मंडलातल्या तीन तारांचा क्रम. नव्या मार्गावर तारा वर-मधे-खाली याच क्रमाने आल्या आहेत याबद्दल फोरमन शपथ घ्यायला तयार होता. तरी एका टोकाला एकेक तार अर्थला जोडून दुसऱ्या टोकाला मोजलं. दुसऱ्या मंडलाच्या खालच्या दोन तारा ४४अ वर अदलाबदल झालेल्या निघाल्या. जंपर, म्हणजे टॉवरवर दोन बाजूंच्या तारा जोडणारे तुकडे, बदलायला पाऊण तास लागला. तसंच चालू करायला गेलो असतो तर उपकेंद्रात काय झालं असतं, हे तिथे कुणी मोठ्याने बोललं नाही. विद्युत निरीक्षकांची परवानगी आधीच घेऊन ठेवली होती. पाचव्या दिवशी रात्री सव्वाआठला पहिलं मंडल चालू झालं, नऊ वाजून दहा मिनिटांनी दुसरं.

भराव दुसऱ्या आठवड्यात पुन्हा सुरू झाला. जुन्या ४२ चे स्टब जमिनीखाली मीटरभर कापून काढले, त्यावर आज रस्ता आहे. ४३ आणि ४४ चं लोखंड, तारा आणि इन्सुलेटरच्या डिस्क गाडीत भरून भांडारात जमा केल्या. वजनात तार ६२ किलो कमी भरली. उतरवताना कापलेले तुकडे, ४१ कडे राहिलेली शेपटं, असा खुलासा लिहून दिला. भांडारपालाने तो फेटाळला, मी पुन्हा दिला. काम संपून चौदा महिने झाले तेव्हाही आमची अनामत त्या ६२ किलोंवर अडकलेली होती. मी ती कंपनी सोडली तेव्हा ती फाइल पुढच्या माणसाच्या टेबलावर ठेवून आलो.